तात्पुरता प्रवेश आणि एक कानस

सोमवार, ३ जुलै

विद्यापीठाने घेतलं. यंत्र अभियांत्रिकी, थेट दुसरं वर्ष. चव्वेचाळिसाव्या वर्षी बदली विद्यार्थिनी झाले. घरी येऊन आधी पंपांच्या कंपनीला राजीनामा पाठवला, मग चहा केला. हा क्रम उलटा हवा होता का, याचा विचार नंतर केला.

पंधरा वर्षं पंपांची माहितीपत्रकं लिहिली. 'झाकण उजवीकडे फिरवून घट्ट करावे.' एकदा एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "बाई, कुठून बघताना उजवीकडे?" मला सांगता आलं नाही. मी पंप कधी उघडून बघितलाच नव्हता, नुसतं त्यावर लिहीत होते. तेव्हापासून हे खूळ. नोकरी करून संध्याकाळच्या विज्ञान महाविद्यालयात पहिलं वर्ष काढलं, आणि आज इथे.

इथल्या समकक्षता कक्षात माझे तिथले विषय इथल्या विषयांशी जुळवले. खिडकीतल्या बाई चटपटीत. गणिताला गणित, भौतिकीला भौतिकी. मग त्या थांबल्या. "कार्यशाळा राहिली. तुमचं काय उरलंय?"

"वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक."

"त्यात काय केलंत?"

"देठाचे पातळ काप घेतले. ब्लेडने."

"कापलंत ना? मग झालं की." आणि त्यांनी शिक्का मारला.

लेक याच विभागात तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "अभिनंदन. फक्त एक अट. कॅम्पसवर ओळख दाखवायची नाही." मी मान्य केलं. अट रास्त आहे.

गुरुवार, ६ जुलै

तीन रात्री नीट झोप नाही. देठ कापला म्हणून लोखंडकामात पास, हे मला गिळवत नाही. मी आयुष्यात कानस हातात धरलेली नाही. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? गुलमोहराचा देठ सांगू?

नवरा दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "अगं, मिळालंय ते घे आणि गप्प बस. मला कॉलेजात तीन गुण जास्त पडले होते. मी गेलो का परत करायला?"

मी विचारलं, "कुठल्या विषयात?"

तो म्हणाला, "भूल देण्याच्या."

शुक्रवार, ७ जुलै

कक्षात जाऊन सांगितलं की कार्यशाळेचं क्रेडिट काढून घ्या. बाईंनी चष्मा काढला.

"मॅडम, क्रेडिट द्या म्हणून लोक माझ्यापुढे रडतात. काढा म्हणून कुणी आलेलं नाही. त्याला अर्जच नाही."

"साध्या कागदावर लिहून देऊ का?"

"बघा हं. एकदा काढलं की प्रवेश तात्पुरता होतो. सहामाही संपायच्या आत कार्यशाळा पास झाला नाहीत तर बदली रद्द. आणि तुमच्या जुन्या कॉलेजने तुमची जागा दुसऱ्याला दिलीय. म्हणजे तुम्ही कुठल्याच नाही."

मी साध्या कागदावर लिहून दिलं. बाई वाचून म्हणाल्या, "अक्षर छान आहे."

घरी सांगितलं. लेकीने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "धोंडा पायावर पडतो आई, माणसांच्या. तू तर अर्ज करून मागवून घेतलास." नवरा हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मला मात्र हलकं वाटलं. आज झोप येईल.

बुधवार, १२ जुलै

कार्यशाळा. लांबलचक खोली, पत्र्याचं छप्पर, बाकांवर ओळीने लोखंड पकडायचे व्हाइस, तेलाचा वास. मास्तर बुटके, खांद्यावर फडकं.

काम असं: लोखंडाच्या ठोकळ्याचे दोन तुकडे करायचे. एकाला कोनाची खाच, दुसऱ्याला तसंच टोक. कानशीने घासून एकमेकांत असे बसवायचे की खिडकीसमोर धरल्यावर मधून उजेड दिसता कामा नये. एवढंच. याला 'जॉब' म्हणतात.

पहिलीच अडचण: लोखंड पहिल्या वर्षाच्या नावावर येतं. मी दुसऱ्या वर्षाची. मास्तर म्हणाले, "कक्षात विचारून या." कक्षातल्या बाई म्हणाल्या, "लोखंड हवं तर पहिल्या वर्षाला प्रवेश घ्या. पण मग बदली रद्द. आणि बदली रद्द झाली की ही कार्यशाळा करायची गरजच नाही." त्यांनी हे इतक्या समजुतीने सांगितलं की मी आभार मानून परत आले.

मास्तरांनी सगळं ऐकून खण उघडला. मधेच शिक्षण सोडून गेलेल्या कुणाचा तरी ठोकळा होता. साबणाच्या वडीएवढा. म्हणाले, "जपून वापरा बाई. दुसरा नाही."

शुक्रवार, २१ जुलै

हातांना फोड. बरोबरची मुलं पहिल्या वर्षाची, मला काकू म्हणतात. "काकू, कानस ढकलताना दाबायची, ओढताना नाही." हे मला माहीत होतं. एका माहितीपत्रकात मीच लिहिलंय. हातांना माहीत नव्हतं.

घरी एक कटकट झाली. दुपारी विभागाच्या जिन्यात लेक समोर आली. "आई, घराची किल्ली दे ना, माझी राहिली." आजूबाजूला तिची मित्रमंडळी होती. मी सरळ पुढे गेले. ती पाच वाजेपर्यंत घराबाहेर पायरीवर बसली.

"अट तुझीच होती," मी म्हणाले.

"किल्लीच्या वेळी नसते गं अट!"

"तसं सांगितलं नव्हतंस."

"बाबा, हिला समजावा!"

बाबा म्हणाले, "तुमच्या विभागातलं मी काही बोलणार नाही." अट रद्द झाली. आता ओळख दाखवायची, पण हाक मारायची नाही. याचा नेमका अर्थ विचारणार होते. तिचा चेहरा बघून विचारला नाही.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

आज मास्तरांनी जॉब खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "झकास. उजेड नाही. आणा वही, सही करतो."

मी डोळा लावून पाहिलं. "सर, डाव्या कोपऱ्यात दिसतोय."

"मला नाही दिसत."

"मला दिसतो."

"बाई, माझी नजर तीस वर्षं हेच बघतेय."

"म्हणूनच म्हणते सर. थकली असेल."

शेजारचा मुलगा खोकल्यासारखं हसला. मास्तरांनी पेन खिशात ठेवलं. "घासा मग."

नंतर विचार करत बसले. मी त्यांचा अपमान केला का? पण उजेड होता. केसाएवढा होता, पण होता. 'थकली असेल' म्हणायला नको होतं. 'थकली असू शकेल' जास्त योग्य झालं असतं.

शनिवार, १९ ऑगस्ट

डावा कोपरा बसला की उजवा उघडा पडतो. उजवा बसवला की तळ. जॉब आता काडेपेटीएवढा झालाय. ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मापापेक्षा बराच लहान, म्हणजे उजेड नसला तरी नापासच. हे आज मोजल्यावर लक्षात आलं. नोकरी सोडलेली, जुनी जागा गेलेली, आणि दुसरं लोखंड नाही.

घरात सगळीकडे कीस. माझ्या केसांतून उशीवर, उशीवरून नवऱ्याच्या दाढीत. तो रोज सकाळी चादरीवरून लोहचुंबक फिरवतो. "मीही रोज घासतोच," तो म्हणाला. "पण दात उरतो. तुझ्या हाती दिला असता तर पेशंट बोळका होऊन घरी गेला असता. अति तिथे माती."

"माती नाही, कीस," लेक म्हणाली.

मग ती उठली आणि स्वयंपाकघरातून तिचा पहिल्या वर्षाचा जॉब घेऊन आली. तो खिडकी आपटू नये म्हणून आम्ही फटीत अडकवतो. "हा घे. माझा नंबर घासून काढायचा, तुझा पंचने ठोकायचा. सगळे करतात."

मी तो हातात घेतला. तिच्या नंबराखाली आणखी एक नंबर पुसटसा दिसत होता. त्याच्याखालीही काहीतरी होतं. मी तो परत खिडकीत ठेवला. तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, याचीच भीती वाटली.

मंगळवार, २२ ऑगस्ट

धीर करून मास्तरांना मापाचं सांगितलं. त्यांनी जॉब तळहातावर ठेवून पाहिला आणि म्हणाले, "ते ड्रॉइंग पहिल्या वर्षाचं. तुम्ही बदली विद्यार्थी. बदली विद्यार्थ्यांचं ड्रॉइंग वेगळं असतं."

"कुठे आहे?"

"काढायचंय अजून." त्यांनी कागद घेतला, माझा जॉब मोजला आणि तीच मापं टाकून ड्रॉइंग काढलं. खाली सही, तारीख.

म्हणजे आता जॉब ड्रॉइंगप्रमाणे आहे. हे बरोबर आहे का? आधी काम, मग ड्रॉइंग? पण कंपनीतही पंप आधी यायचा आणि मी नंतर लिहायचे. तेव्हा मला कधी टोचलं नाही. आज का टोचतंय? इतक्या वर्षांत बदली विद्यार्थ्यांचं ड्रॉइंग काढायचं मास्तरांच्या लक्षात कसं आलं नाही, याचंही नवल वाटतं.

मंगळवार, १२ सप्टेंबर

मास्तरांनी आज चौथं ड्रॉइंग काढलं. आता ते कागदाचा कोपराच फाडून घेतात.

जॉब खोडरबराएवढा. आज पुन्हा त्यांनी तो खिडकीसमोर धरला. "नाही उजेड." मीही डोळा लावला. खरंच नव्हता! वही काढायला पिशवीत हात घातला. मग पाहिलं तर खिडकीबाहेर कुणी तरी पाठ करून उभं होतं. लेक होती. कार्यशाळेबाहेरच्या नळावर ती हल्ली रोज पाणी प्यायला येते. आमच्या विभागाच्या नळाला काय झालंय कोण जाणे.

हाक मारायची नाही हे ठरलेलं, म्हणून काचेवर टकटक केली आणि हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. ती हलेना. मी जोरात टकटक केली. ती सरकली. आणि उजेड आला, तळाशी, सरळ रेघेसारखा.

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, तुमच्या घरात तुम्हाला कुणी काही बोलत नाही का?"

"बोलतात की," मी म्हणाले. "सगळेच."

संध्याकाळी लेक म्हणाली, "तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही." कौतुक असावं असं वाटलं, पण तिने दार जरा जोरात लावलं.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज स्वतःला स्पष्ट विचारलं: मला पास व्हायचंय की नाही? दुसऱ्या वर्षाच्या वर्गात उष्णता, द्रव, ताण, दाब सगळं शिकवतात, आणि मला ते आवडतं, समजतं. तिथे बसायला मिळावं म्हणून हे सगळं. तरी कार्यशाळेची दुपार आली की जीव इकडे ओढतो. कानशीचा आवाज एका लयीत आला की डोकं रिकामं होतं. इतकी वर्षं वाक्यं घासली. शब्द कितीही घासा, बसला की नाही ते कुणी खिडकीसमोर धरून दाखवत नाही.

पण लोखंड संपत आलंय. याच वेगाने सहामाहीच्या आधी जॉब संपेल आणि हातात ड्रॉइंगं उरतील.

शनिवार, ३० सप्टेंबर

नवऱ्याच्या दवाखान्यात गेले होते, डबा द्यायला. एका आजोबांना त्याने निळा पातळ कागद चावायला दिला. "कचकच चावा." मग आरशाने बघितलं. जिथे दात उंच तिथे निळा ठिपका. तेवढंच त्याने घासलं, बाकीचं राहू दिलं.

मी तिथेच ओरडले, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय?"

"कागदाचं!"

"बावीस वर्षं संसार केलास," तो म्हणाला. आजोबांच्या तोंडात त्याची बोटं होती. "कधी विचारलंस का मी दिवसभर काय करतो?"

आजोबा तोंड उघडं ठेवूनच मान हलवत होते. त्याच्या बाजूने की माझ्या, कळलं नाही. कागदाची अख्खी पट्टी दिली त्याने. परत येताना वाटेत लक्षात आलं की डबा माझ्याच हातात आहे.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

झालं.

निळा कागद मधे धरून दाबायचा, ठिपका पडेल तेवढंच घासायचं. मुलं भोवती जमली. "काकू, चावतंय का ते?" शेवटी ठिपके सगळीकडे सारखे पडले. खिडकीसमोर धरलं. उजेड नाही. खिडकीबाहेर कुणी उभं नाही ना, खात्री केली. तरी नाही. दिवा मागे धरला. नाही.

मास्तरांनी फडक्याने जॉब पुसला, स्वतःच पंचने माझा नंबर मारला. नंबर जेमतेम मावला. नवरा म्हणाला, "अक्कलदाढेएवढा आहे. उशिराच येते तीही."

बाहेरचे परीक्षक अठराला येणार.

बुधवार, १८ ऑक्टोबर

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

परीक्षक उंच, सर्दी झालेले. त्यांनी माझा जॉब उचलला आणि विचारलं, "दुसरा भाग कुठाय?"

"त्यातच आहे सर."

त्यांनी फिरवून पाहिला. खरोखर जोड दिसत नव्हता. बारा दिवस तेल लावून ठेवला होता, वरून पॉलिश केलेला. ओढून पाहिलं, निघेना. त्यांनी नियमाचा कागद काढला. "'जुळणारे दोन भाग सादर करावेत.' हा एक आहे."

मास्तर म्हणाले, "दोनच आहेत साहेब. मी बघितलेत."

"तुम्ही बघितलेत. मला एक दिसतोय. अखंड तुकडा घासून आणून ठेवलाय आणि वर जोड आहे म्हणतात?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या वयात लबाडी, बाई?"

लबाडी! माझे कान तापले. ज्या क्रेडिटवर हक्क नव्हता ते मी आपण होऊन परत केलं होतं, आणि हा माणूस मला लबाड म्हणत होता. मास्तरांनी लाकडी हातोडी घेऊन हलकेच ठोकलं, फिरवून पुन्हा ठोकलं. चौथ्या ठोक्याला ते सुटले. दोन तुकडे, एवढाले.

"बघा," मास्तर म्हणाले.

"बरं. जोडा."

मी जोडले. पुन्हा जोड दिसेनासा झाला.

"हे बघा, पुन्हा एक झालं," परीक्षक नाक पुसत म्हणाले. "मी जोडाला गुण देतो. सुटे असताना जोड नसतो, जोडले की तो दिसत नाही. मग गुण कशाला देऊ?"

"साहेब, उजेड दिसता कामा नये, असाच नियम आहे," मास्तर म्हणाले.

"बरोबर. पण दिसू नये तो जोडातून. जोडच नसेल तर उजेड न दिसण्यात काय विशेष? भिंतीतूनही दिसत नाही."

मला ते थोडं पटलं. तेच वाईट झालं. त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या नंबरापुढे शून्याची सुरुवात केली. म्हणजे वरून वळवलं, अजून खाली मिळवायचं होतं.

मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, एक हात मारा."

"कुठे?"

"कुठेही."

कुठेही! तीन महिने मी उजेड बघितल्याशिवाय कानस टेकवली नव्हती. "सर, बिघडेल ते."

"बिघडू द्या."

"पण मग मी चुकीचा जॉब देऊन पास होईन."

"आणि बरोबर जॉब देऊन घरी जाल." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सहा ड्रॉइंगं काढली मी तुमच्यासाठी. माझ्या घरी कागद उरला नाही. मारा!"

साऱ्या खोलीतल्या कानशी थांबल्या होत्या. ठोकून पुन्हा सुटे केले. टोकाचा तुकडा व्हाइसमध्ये धरला. मी डोळे मिटले आणि एक हात मारला. अंदाजाने. आवाज आला तो मला अजून ऐकू येतोय.

जोडलं. परीक्षकांनी खिडकीसमोर धरलं. मधून उजेडाची रेघ आली, पांढरी, केसाहून जाड. लपवायला जागा नव्हती.

"हं," ते म्हणाले. "आता दोन आहेत." शून्य अर्धवटच होतं. त्याच्या पोटात शेपूट ओढून त्यांनी इंग्रजी सहा केला. दहापैकी सहा. शेरा: जोड सैल आहे, पण प्रयत्न प्रामाणिक.

मास्तर फडक्याने तोंड पुसत बाहेर गेले. मला वाटतं त्यांनाही सर्दी झाली असावी.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

कक्षात शिक्का बसला. बाई म्हणाल्या, "आता काही परत करायला येऊ नका." मी हो म्हटलं. जिना उतरताना दोनदा थांबले, कारण बिघडवलेल्या जॉबवर मिळालेले सहा गुण माझे आहेत की नाहीत हे मला सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही. पण तासाची घंटा झाली होती.

तात्पुरत्यांचं नाव हजेरीत नसतं, त्यामुळे इतके दिवस माझा नंबर कुणी घेतला नव्हता. आज उष्णतेच्या तासाला सरांनी शेवटी नवा नंबर घेतला. "हजर," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच निघालं. सगळा वर्ग वळला.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पालक का? पालकांनी तासाला बसायचं नसतं."

"पालक वरच्या वर्गात आहे सर," मी म्हणाले. "मी विद्यार्थिनी. कायम."